वीस लाख कोटींतले हातात किती पडले?

१२ मे २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं आणि त्या रात्री कितीतरी घरांत एकच भागाकार मांडला गेला. लोकसंख्या १३० कोटी धरली तर माणशी साधारण १५,४०० रुपये. चौघांच्या घरात साठ हजारांच्या वर. कोरोनाच्या टाळेबंदीला सात आठवडे होत आले होते. हातावर पोट असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून जीवात जीव आला असेल, तर त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. सरकारने मदत जाहीर केली की ती आपल्यापर्यंत येणार, असंच कोणीही समजेल.

ते साठ हजार कोणाच्याच घरी आले नाहीत. का आले नाहीत, हे समजून घ्यायचं तर आधी 'पॅकेज' हा शब्द सोडवून बघावा लागतो. पुढच्या वेळी एखादा मोठा आकडा कानावर पडेल, तेव्हाही तो असाच सोडवून बघता येतो.

१३ ते १७ मे असे पाच दिवस अर्थमंत्री निर्मला सीतारामन पत्रकार परिषदा घेत होत्या. शेवटी पूर्ण बेरीज आली २०,९७,०५३ कोटी. त्यातले ८,०१,६०३ कोटी रिझर्व्ह बँकेच्या खात्यावरचे. म्हणजे रिझर्व्ह बँकेने बँकांना जास्तीचा पैसा स्वस्तात मिळेल अशी सोय केली होती. रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने कर्ज मिळतं तो, मार्चअखेर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला, मे महिन्यात तो ४ टक्के केला. बँकांना ठेवींपैकी जेवढी रोकड रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते, ती ४ टक्क्यांवरून ३ टक्के केली. हे पैसे बँकेचे. ते बाहेर पडायचे तर कोणीतरी कर्ज मागायला यावं लागतं आणि बँकेलाही ते द्यावंसं वाटावं लागतं. मे २०२० मध्ये दुकानांची शटर खाली होती. अशा वेळी कर्ज काढून करायचं काय?

दुसरा मोठा तुकडा होता हमीचा. छोट्या आणि मध्यम उद्योगांना तारण न घेता ३ लाख कोटींची कर्जं मिळणार होती आणि त्यांची पूर्ण हमी सरकारची. गावात पतपेढीचं कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात. सही करतो त्या दिवशी जामीनदाराच्या खिशातून दमडीही जात नाही, कर्ज बुडालं तर जाते. इथे जामीनदार केंद्र सरकार होतं. पॅकेजच्या बेरजेत मात्र हे ३ लाख कोटी पूर्णच्या पूर्ण धरलेले होते.

ही हमी निरुपयोगी होती, असं मी म्हणणार नाही. ती नसती तर अनेक छोटे कारखाने पुन्हा उघडलेच नसते. तिचा फायदा मालकाला मिळणार, मालकाने धंदा सुरू केला तर काही महिन्यांनी कामगारापर्यंत पोहोचणार. एप्रिलमध्ये ज्याच्या डब्यातलं पीठ संपलं, त्याच्या भुकेला ते महिने परवडणारे नव्हते.

कर्ज आणि हमी बाजूला काढली, की सरकारच्या तिजोरीतून त्या वर्षी खरोखर जास्तीचा किती खर्च होणार होता, ते उरतं. बऱ्याच अर्थतज्ज्ञांनी केलेला हिशेब देशाच्या उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या, एक ते दीड टक्क्याच्या आसपास आला. भाषणात ऐकू आलेला आकडा दहा टक्क्यांचा होता.

कर्जाच्या हप्त्यांबद्दलही तेव्हा असाच गैरसमज झाला होता. मार्चपासून आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते न भरण्याची मुभा मिळाली, तेव्हा रिक्षाचं कर्ज असलेल्या अनेकांना वाटलं की हप्ते माफच झाले. ते फक्त पुढे ढकलले गेले होते आणि व्याज चालू होतं. त्या काळातल्या व्याजावरचं व्याज परत मिळालं, तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर.

आता कामगाराच्या बाजूने हिशेब मांडू. गरिबांसाठीचं पहिलं पॅकेज टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला आलं होतं, १ लाख ७० हजार कोटींचं. एक घर धरा, चार माणसांचं, ज्याच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत. त्या घराला दर माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ किंवा गहू फुकट, म्हणजे २० किलो. घराला एक किलो डाळ. बाईचं जनधन खातं असेल तर त्यात महिन्याला ५०० रुपये, तीन महिने. उज्ज्वला गॅस असेल तर सिलिंडर. धान्य आणि गॅस सोडून हातात आलेली रोकड तीन महिन्यांत १,५०० रुपये. म्हातारी, विधवा किंवा दिव्यांग व्यक्ती असेल तर आणखी हजार.

यादीत आणखीही बरंच होतं, पण ते नीट बघितलं पाहिजे. शेतकऱ्याच्या खात्यात एप्रिलमध्ये आलेले २,००० रुपये पीएम-किसानचा हप्ता होता, तो तसाही मिळणारच होता, थोडा लवकर मिळाला. रोजगार हमीची सरासरी मजुरी १८२ वरून २०२ केली, पण ते दर दरवर्षी १ एप्रिलला वाढायचेच. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायची सवलत दिली, ते पैसे कामगाराच्याच घामाचे. बांधकाम कामगारांच्या कल्याण निधीतले ३१,००० कोटी वापरा असं राज्यांना सांगितलं, तो निधीही बांधकामांवरच्या उपकरातून कामगारांसाठीच गोळा झालेला होता आणि वर्षानुवर्षं पडून होता. अडचणीच्या वेळी स्वतःचे पैसे लवकर मिळणं ही सोय आहे आणि ती हवीच. तिला मदतीच्या बेरजेत धरणं मला पटत नाही.

हा झाला सगळी कागदपत्रं असलेल्या घराचा हिशेब. आता त्याच घरातला कर्ता माणूस बिहारमधून मुंबईला येऊन नाक्यावर उभा राहणारा आहे असं धरा. रेशनकार्ड गावाकडे, गॅस गावाकडे, बायकोचं जनधन खातं गावाकडे. वरच्या यादीतलं मुंबईत त्याच्या वाट्याला काय आलं? शून्य.

गावाकडच्या कार्डावर मुंबईत धान्य का मिळालं नाही? 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत महाराष्ट्र १ जानेवारी २०२० पासून होता. पण बिहार आणि उत्तर प्रदेश त्यात आले १ मे २०२० ला. दोन्हीकडची यंत्रणा जोडलेली असल्याशिवाय दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. टाळेबंदीचे सगळ्यात कठीण पाच आठवडे या दोन तारखांच्या मध्ये गेले.

धान्य कमी नव्हतं, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्या वसंतात अन्न महामंडळाच्या गोदामांत गरजेच्या राखीव साठ्यापेक्षा दुपटीहून जास्त धान्य होतं आणि रब्बीचा नवा गहू बाजारात यायचा होता. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. २०२० मध्ये आड काठोकाठ भरलेला होता, पण पोहऱ्याचा दोर कित्येकांच्या हाताला लागतच नव्हता.

तो दोर म्हणजे यादी. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात ग्रामीण भागातली ७५ टक्के आणि शहरातली ५० टक्के लोकसंख्या धरली आहे आणि डोकी मोजली आहेत २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेलं मूल, लग्न होऊन आलेली सून, वेगळी चूल मांडलेला भाऊ, यांची नावं घालायला गेलं की 'इष्टांक संपला', म्हणजे ठरलेला कोटा भरला, असं उत्तर मिळतं. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे ही मोजपट्टी आणखी जुनी होत गेली. महाराष्ट्रात पिवळं कार्ड, केशरी कार्ड, पांढरं कार्ड, आणि केशरीतही अन्नसुरक्षेचा शिक्का असलेलं आणि नसलेलं. शिक्का नसलेल्या केशरी कार्डवाल्यांना राज्य सरकारने मे-जूनमध्ये ८ रुपये किलो गहू आणि १२ रुपये किलो तांदूळ दिला. पाच रुपयांत शिवभोजन थाळीही होती, आणि ती या सगळ्यात वेगळी होती. थाळी घ्यायला कुठल्याच कार्डाची गरज नव्हती. केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहिलं की ताट मिळायचं. मर्यादा होती ती केंद्रांच्या संख्येची आणि रोजच्या थाळ्यांच्या कोट्याची.

कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने १४ मे रोजी दोन महिन्यांचं फुकट धान्य जाहीर केलं. अंदाज ८ कोटी माणसांचा, तरतूद ३,५०० कोटींची. तोवर टाळेबंदीचा पन्नासावा दिवस उलटला होता आणि लाखो लोक वाटेला लागले होते. प्रत्यक्षात हे धान्य मिळालेले लोक त्या अंदाजाच्या निम्मेही नव्हते. माणूस पायी चालत मध्य प्रदेश ओलांडत असेल, तर त्याच्या नावाचा पाच किलो तांदूळ नेमका कुठल्या दुकानात ठेवायचा?

अडकलेल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या 'स्वॅन' या गटाने एप्रिलच्या मध्यापर्यंत फोनवरून अकरा हजारांहून अधिक कामगारांची विचारपूस केली होती. त्यातल्या ९६ टक्के लोकांना सरकारी रेशन मिळालं नव्हतं आणि ८९ टक्के लोकांना टाळेबंदीच्या काळातला पगार मालकाकडून मिळाला नव्हता. ज्यांनी मदतीसाठी फोन केला त्यांचीच ही आकडेवारी आहे, त्यामुळे ती देशभरच्या सगळ्या कामगारांना लावता येणार नाही. पण फोन करणारे अकरा हजार लोकसुद्धा थोडे नव्हेत.

आता पगाराचं बघू. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी पूर्ण पगार द्यावा आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. ऐकायला हे फार चांगलं होतं. ते पाळायचं कसं? नाक्यावरून उचललेल्या बिगाऱ्याचा मालक कोण, मुकादम, ठेकेदार, की ज्याचा टॉवर उभा राहतोय तो बिल्डर? भिवंडीच्या यंत्रमागावर मीटरवर मजुरी घेणाऱ्याला 'पूर्ण पगार' म्हणजे किती मीटर? आणि दहा माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्याने बंद मशीनवर दोन महिने पगार द्यायचा तर तो आणणार कुठून? सरकारने ना त्याला त्यासाठी पैसे दिले, ना कामगाराला थेट दिले. उद्योजक न्यायालयात गेले आणि १८ मेपासून आदेशच मागे घेतला गेला. जूनमध्ये न्यायालयाने सांगितलं की मालक आणि कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा. उपाशी माणसाने कोणत्या ताकदीवर वाटाघाटी करायच्या, हा प्रश्न तसाच राहिला.

ब्रिटनमध्ये त्याच वसंतात घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, सरकार भरत होतं. अमेरिकेने बहुतेक प्रौढांना १,२०० डॉलर पाठवले आणि बेकार भत्त्यात आठवड्याला ६०० डॉलरची भर घातली. ते देश श्रीमंत आहेत, हे खरं. पण त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. कोण कुठे, किती पगारावर काम करतो, याची नोंद कर खात्याकडे आधीपासून होती. आपल्याकडे नियमित पगार घेणाऱ्यांतही जवळपास ७० टक्के लोकांकडे नोकरीचा लेखी करार नव्हता. ज्यांचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड होतं त्यांच्यासाठी नोकरी गेल्यास तीन महिने निम्मा पगार देण्याची सोय २०२० मध्ये केली गेली. बांधकामावरच्या, धाब्यावरच्या, घरकामाच्या माणसाला ईएसआय हे नावही ठाऊक नसतं.

आणि ठेकेदाराने स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवावी, त्यांना प्रवासभत्ता द्यावा, असा कायदा या देशात १९७९ पासून होता. तो नीट पाळला असता तर मार्च २०२० मध्ये प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर परराज्यातल्या कामगारांची यादी तयार असती. ऊसतोड कामगारांचं बघा. बीड-नगरहून गेलेले लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांच्या आवारात अडकले होते. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याची, आगाऊ उचल पैशापैशाने लिहिलेली असते. कोणी किती देणं लागतो याची वही इतकी चोख असते, पण त्याला कोण काय देणं लागतं याची वही कोणी ठेवलेली नव्हती. एप्रिलच्या मध्यानंतर राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी जाऊ दिलं.

८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ कामगारांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसं. आदल्या संध्याकाळी निघाली होती, भुसावळला गाडी मिळेल या आशेने, दीडशे किलोमीटर चालायच्या तयारीने. रुळांत पसरलेल्या भाकरी-चपात्यांचं छायाचित्र त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. ते रुळांवर का झोपले, असं विचारणारेही होते. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं आणि ते थकले होते. ते चालत का निघाले, हा त्याआधीचा प्रश्न आहे. कामगारांना गावी सोडणाऱ्या श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. गाडीत बसायचं तर अर्ज, पोलिसांची परवानगी, डॉक्टरचा दाखला आणि पुन्हा यादीत नाव. पुढे या गाड्यांतून ६३ लाख लोक घरी गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की एक कोटीहून जास्त कामगार आपापल्या राज्यात परतले. वाटेत किती मेले, याची आकडेवारी ठेवलेली नाही, असंही त्याच अधिवेशनात सांगितलं.

परतलेल्यांना गावात कशाने सावरलं? रोजगार हमीने. अर्थसंकल्पातल्या सुमारे ६१ हजार कोटींत आणखी ४० हजार कोटींची भर पडली आणि २०२०-२१ मध्ये ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं. आधीच्या वर्षी ते २६५ कोटी होतं. संपूर्ण पॅकेजमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच तरतूद. इथे प्रश्न उलटा होता. तू यादीत आहेस का, असं विचारत नव्हते. काम मागायला ये, जॉब कार्ड मागितल्यावर मिळेल.

या विचाराचं मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लाखो माणसं उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारपत्रकात दर महिन्याला कापले जाणारे ते २०० रुपये आठवून बघा. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे, असं या राज्याने ठरवलं होतं. शहरातल्या मजुरासाठी मात्र आपण तशी हमी आजवर उभी केलेली नाही आणि २०२० मध्ये काम सगळ्यात आधी बुडालं ते शहरात.

वर्षभराने दुसरी लाट आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने १३ एप्रिल २०२१ रोजी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. आकडा लहान, पण यात माणसं नाव घेऊन मोजलेली होती. बांधकाम कामगार, घरकामगार, नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,०००, आणि शिवभोजन थाळी फुकट. अडलं ते पुन्हा तिथेच. घरकामगार २५ लाख धरल्या होत्या, पण घरकामगार मंडळाकडे चालू नोंदणी असलेल्या बायका त्याच्या कितीतरी कमी. नूतनीकरण राहिलं की नाव यादीत असून नसल्यासारखं. बांधकाम कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि रोज नवा नाका गाठणाऱ्याला तो द्यायला कोणीच पुढे येत नाही. परवाना मालकाच्या नावावर आणि रिक्षा चालवणारा दुसराच, असं असेल तर पैसे कोणाचे?

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला असंघटित कामगारांच्या नोंदणीबद्दल खडसावलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. त्यावर ३० कोटींहून अधिक नावं आहेत. रेशनकार्डही आता देशात कुठेही चालतं, गावाकडच्या माणसांनी त्या महिन्याचं सगळं धान्य उचललं नसेल तर. ई-श्रमवर नाव आहे म्हणून आपोआप पैसे येत नाहीत. ती नुसती यादी आहे. तरीही ती यादी असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, ते आपण २०२० मध्ये बघितलं आहे.

तुमच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायला ज्या मावशी येतात, त्यांना विचारा की घरकामगार मंडळात त्यांचं नाव आहे का आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं. नोंदणीसाठी ज्या घरी काम करतात तिथला दाखला लागतो. अनेक बायका तो मागायला संकोचतात, काम जाईल अशी भीती असते. त्यांनी मागायची वाट न बघता आपणच तो लिहून, सही करून त्यांच्या हातात द्यावा.